ओठ दिसले पाहिजेत

आमच्या सासूबाईंना ऐकू येत नाही, पण त्यांच्यासमोर कुजबुजायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. त्या ओठ वाचतात. कान गेल्यावर ही विद्या शिकल्या असंही नाही. मुलींच्या शाळेत त्यांनी नोकरीभर शिकवलं, आणि मागच्या बाकांवर काय कुजबुज चालली आहे हे त्यांना टेबलापाशी उभ्या उभ्या दिसायचं. पुढे कान हळूहळू गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, ते त्यांनी थोडे दिवस वापरलं आणि "यात माणसं कमी आणि मिक्सर जास्त ऐकू येतो" असा निकाल देऊन कपाटात ठेवून दिलं. आता हॉटेलात गेलो की पलीकडच्या टेबलावरचं जोडपं कशावरून भांडतंय, हे आमचा डोसा यायच्या आत आम्हाला समजलेलं असतं. त्या सांगतात, तेही खणखणीत आवाजात, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही. निदान त्या तसं म्हणतात.

मी त्यांची सून. विम्याच्या ऑफिसात नोकरी केली, नोकरीच्या बरोबरीने हौशी नाटकं केली, आणि पन्नाशी उलटल्यावर मला व्हिडिओचा नाद लागला. नातेवाइकांतल्या मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं, सगळं मी घरच्या कॉम्प्युटरवर कापते, जोडते, खाली सनई घालते आणि शेवटी स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत टाकते की नव्या माणसाला वाटावं, लग्न माझंच होतं.

मागे माझ्या नवऱ्याने मुदतीच्या बरीच आधी निवृत्ती घेतली तेव्हाही मी असाच एक व्हिडिओ केला होता. हॉलच्या पडद्यावर एकेक जण येऊन त्याच्याबद्दल बोलला. लोक हसले, एक-दोघांनी डोळे पुसले, टाळ्या पडल्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्याही हसत होत्या, टाळ्याही वाजवत होत्या, फक्त सगळ्यांपेक्षा जरा उशिरा. मी बाजूला उभी होते म्हणून मला दिसलं. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. शेजारच्यांच्या हातांकडे बघत होत्या. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "छान केलंस. कोण काय बोललं ते सवडीने सांग."

मी सवडीने सांगितलं. पण शिळं झालेलं कौतुक परत गरम करून वाढलं तर कसं लागतं, तसंच ते लागलं.

म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी आधीच बजावलं. "हॉल घ्या, जेवण ठेवा, ओवाळा. व्हिडिओही करा, नको म्हटलं तरी ही करणारच आहे. पण मला पुढे बसवून पुन्हा लोकांच्या टाळ्यांवर टाळ्या वाजवायला लावणार असाल, तर मी उठून घरी जाईन. रिक्षा मला करता येते."

नवरा म्हणाला, "आई, खाली अक्षरं टाकू की. कोण काय बोलतंय ते लिहून येईल."

"वाचायला माझ्याकडे पुस्तकं आहेत," त्या म्हणाल्या. "माणसं येणार असतील तर बोलू देत माणसांसारखी."

मग जरा थांबून, पदराने चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "त्याला घेणार आहात का?"

'त्याला' म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, आमच्या मामांना. मामा खडकीला राहतात, तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेत आणि शब्दांच्या बाबतीत अतिशय काटकसरी आहेत. बहिणीचे कान गेल्यापासून फोन बंद झाला. पत्र लिहिणं त्यांच्या स्वभावात नाही. भेटले की मान हलवतात, निघताना पुन्हा मान हलवतात. "घेणार आहोत," मी म्हटलं. "बघू काय बोलतो ते," असं म्हणून त्यांनी पुसलेला चष्मा परत पुसला. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, की बाकी सगळी मंडळी तोंडी लावायला आहेत. त्यांना हवंय ते मामांचं ताट.

मी कुटुंबाच्या ग्रुपवर फर्मान काढलं आणि क्लिपा आल्या. जोडल्या, सनई घातली, फोनवर पाहिल्या. वा. मग टीव्हीला लावल्या आणि आवाज पूर्ण बंद केला.

आंघोळ झाल्यावर न्हाणीघरातल्या आरशात आपण जसे दिसतो, तसे आमचे सगळे नातेवाईक दिसत होते. तोंड हलतंय एवढं कळत होतं. बंगळूरच्या नणंदेचा चेहरा तर ताज्या श्रीखंडासारखा गुळगुळीत होता. ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतो, काही पत्ता नाही. मामा खिडकीकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे खिडकी फार सुंदर आली होती.

मी घाबरणाऱ्यांतली नाही. एडिटिंगच्या त्या प्रोग्रॅममध्ये चित्र धारदार करायची एक पट्टी असते, ती मी शेवटपर्यंत सरकवली. मग नणंद कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसायला लागली आणि मामांच्या भुवया त्यांच्याआधी हलायला लागल्या. उजेड वाढवला, तर सगळ्यांना कावीळ झाली. तेव्हा एक गोष्ट कळली, ती मी आता अधिकाराने कुणालाही सांगते. चित्रात जे उरलेलंच नाही, ते कुठलीही पट्टी सरकवून परत येत नाही. ते कुठे सांडलं हे शोधून तिथूनच आणावं लागतं.

शोध घेतला, तो माझ्याच स्वयंपाकघरात, पोह्यांच्या बशीपाशी येऊन थांबला.

निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्याने फोनची साफसफाई हे जीवितकार्य मानलंय. रविवारी पोहे झाले की तो घरातले सगळे फोन टेबलावर मांडतो आणि जागा मोकळी करतो. घरातले संपले की नातेवाइकांकडे जाऊन त्यांचे करतो. लोक पाहुण्याला चहा विचारतात, हा यजमानाला "फोनमध्ये जागा किती उरलीय?" असं विचारतो.

"मूळ क्लिपा कुठायत?" मी विचारलं.

"ग्रुपवर आहेत की."

"ग्रुपवरच्या बारीक होऊन आलेल्या असतात. मूळ कुठायत?"

"त्या काढून टाकायला सांगितल्या सगळ्यांना. किती जागा खात होत्या, अगं."

"मामांची?"

"मामांची मी स्वतः काढली," तो समाधानाने म्हणाला. "रविवारी खडकीला गेलो होतो ना."

आणखी खोदल्यावर कळलं, की माझ्या कॉम्प्युटरवरही त्याचा हात फिरला होता. तयार व्हिडिओ सगळ्यात लहान आकारात निघावा असं सेटिंग त्याने करून ठेवलं होतं, मेलने पाठवायला बरं म्हणून. म्हणजे आधीच पातळ झालेलं ताक मी पुन्हा पाणी घालून वाढत होते. सेटिंग मी होतं तिथे नेलं आणि त्या खुर्चीवर बसायची त्याला बंदी केली. तो म्हणाला, "फाइल केवढी मोठी झालीय बघ." मी म्हटलं, "आई केवढ्या मोठ्या झाल्यात बघ."

मग मी दिग्दर्शक झाले. नाटकात मला कायम शेजारीण करायला लावत, त्याचं सगळं उट्टं निघालं. नवा नियम: ग्रुपवर काही टाकायचं नाही. फाइल म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर द्या. बोलण्याआधी फोनच्या मागची काच पुसा, कारण आमच्यात सगळेच पोळीच्या हाताने फोन उचलतात. उजेड तोंडावर घ्या.

नणंद म्हणाली, "वहिनी, परत कशाला? व्हिडिओ तोच तर आहे."

"तो चेहरा उजळ करणारा फिल्टर काढून बोल."

"मग मी दिसेन ना."

"तेच हवंय. आईंना तुझे ओठ दिसले पाहिजेत."

आईला व्हिडिओ कसा पोचतो, याचा विचार तिने केला नव्हता. तसा आम्हीही इतकी वर्षं कुठे केला होता. संध्याकाळी तिची नवी क्लिप आली. डोळ्यांखाली काळं, कपाळावर आठ्या, आणि प्रत्येक शब्द दगडावर कोरल्यासारखा स्पष्ट.

उभ्या क्लिपा मी पडदा भरावा म्हणून ताणल्या होत्या, त्या परत मूळ मापाला आणल्या. दोन्ही बाजूंना काळी जागा राहिली. "अर्धा पडदा फुकट जातोय," नवरा म्हणाला. "माणूस उभा आहे, त्याला आडवा कशाला करू," मी म्हटलं. यावर तो खाली जाऊन वॉचमनच्या फोनमधली जागा मोकळी करून आला.

सगळ्यात अवघड गाठ पडली ती सासूबाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या नवऱ्याशी. खडकवासल्याकडची ही मंडळी, जमीनजुमला असलेली. लग्न ठरलं तेव्हा मुलीला मॅट्रिकची परीक्षा देऊ द्यावी म्हणून सासूबाई त्यांच्या घरी जाऊन बसल्या होत्या, त्याची आठवण म्हणून दर संक्रांतीला या गृहस्थांकडून हुरड्याची पिशवी येते. त्यांची क्लिप उत्तम होती. उजेड उत्तम, चित्र लख्ख. फक्त मिशी वरच्या ओठावरून खाली उतरून मुक्कामाला आली होती. मी धीर करून फोन लावला.

"मिशी कापू म्हंता?" ते म्हणाले.

"थोडीशी. ओठापुरती."

"बाईंनी सांगितलंय का तुम्ही सांगताय?"

"मी सांगतेय."

"मग न्हाई जमायचं. वडिलांच्या टायमापासनं घरात आशीच मिशी हाय."

"बाईंना ऐकू येत नाही हो. त्या ओठ बघूनच समजून घेतात. तुम्ही बोललात ते त्यांना दिसणारच नाही."

मग फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा गाडीवाला पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा. क्लिपमध्ये गृहस्थांचा वरचा ओठ उन्हात पहिल्यांदाच आल्यासारखा पांढराफटक दिसत होता आणि ते सांगत होते, "बाई, तुमच्यामुळं घरात शिकल्याली बाई आली. तवापास्नं माझं काय चालत न्हाई. पर बरं चाललंय."

एवढं झाल्यावर चाचणी घेतलीच पाहिजे. पण नातेवाइकांच्या क्लिपा आधीच दाखवल्या तर मजा गेली. म्हणून मी स्वतःलाच त्याच पद्धतीने शूट केलं, टीव्हीवर लावलं, आवाज बंद ठेवला आणि सासूबाईंना बोलावलं. आधी जुन्या पद्धतीची, ग्रुपवरून फिरून आलेली क्लिप दाखवली.

"कोण आहे ही?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मला वाटलं दुधी भोपळा."

मग नवी लावली. पडद्यावरच्या मी एक तक्रार करून तोंड मिटलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमटीत मीठ विसरले नव्हते. मुद्दाम कमी घातलं होतं. तुझ्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर बघ आधी."

मी त्यांना तिथेच वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं मिठाबद्दल माफी मागतेय. मी तो गैरसमज राहू दिला.

आता फक्त मामा उरले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मी एकदा बोललोय," आणि ठेवून दिला. तेव्हा मी जातीने खडकीला गेले. मामांना उचलून खिडकीकडे तोंड करून बसवलं. म्हणजे खुर्ची उचलली, मामा तिच्यात होते. मामी मदतीला होत्याच. फोन उभा करायला त्यांनी फळीवरचे डबे दिले, एकावर एक. फोनची काच मी साडीच्या पदराने पुसली आणि 'हं' म्हटलं.

मामांनी फोनकडे बघितलं. "ताई, पंचाहत्तर झाली. तब्येत सांभाळ. आम्ही बरे आहोत."

इतक्यात मागून गाडी आली. खडकी स्टेशन त्यांच्या घराला इतकं जवळ आहे की गाडी जाताना घरातल्या ताटल्यासुद्धा बोलतात. मी खिडकी लावायला धावले. लावून वळले तोवर मामी फोनच्या मागे उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मामा पुन्हा पुतळा झाले होते. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," मामी म्हणाल्या. "पोहे घे."

घरी येऊन पाहिलं, तर क्लिपच्या शेवटी गाडीच्या धडधडाटात मामांचे ओठ थोडा वेळ हलत होते. फोन कसा बंद करायचा ते विचारत असतील, असं मला वाटलं. आवाजाचा काही उपयोग नव्हता, तो मी बंद करून सनई वर आणली. पण उजेड असा काही सुरेख पडला होता त्या चेहऱ्यावर, की कापवेना. तेवढं चित्र मी तसंच चालू ठेवलं आणि हळूहळू अंधारात विरवून टाकलं. दिग्दर्शकाची नजर.

समारंभाच्या दिवशी सकाळीच हॉलवर जाऊन मी पडदे ओढून अंधार किती होतो ते पाहिलं, प्रोजेक्टर जवळ घेतला, चित्र मोठं करायच्या ऐवजी लख्ख ठेवलं. मंडळी जमली, ओवाळून झालं, सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. मी या वेळीही बाजूला उभी राहिले. पडद्याकडे मी बघितलंच नाही.

नणंद बोलायला लागली, आणि सासूबाई हसल्या. कुणाच्याही आधी. मिशीवाले आले, "माझं काय चालत न्हाई" म्हणाले, तेव्हा तर त्या एकट्याच पुढे हसल्या आणि बाकी हॉल मागून आला. टाळ्या त्या वाजवत नव्हत्या. त्यांना त्याची गरज राहिली नव्हती. शेजारच्या बाई उलट यांच्याकडे बघून हसत होत्या.

शेवटी मामा आले. "ताई, पंचाहत्तर झाली. तब्येत सांभाळ. आम्ही बरे आहोत." सनई वर आली, मामा अंधारात विरले, दिवे लागले, टाळ्या पडल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या.

माझ्या डोळ्यांपुढे रिक्षा आली.

पण त्या दाराकडे वळल्या नाहीत. मामा जिथे बसले होते तिकडे वळल्या आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या चकल्या मऊ पडतात काय रे?"

टाळ्या थांबल्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मामांचा चेहरा इतका फिका पडला की त्याला कुठल्याही पट्टीची गरज नव्हती.

"मी कुठे असं म्हटलं?" मामा म्हणाले.

"तिथे. पडद्यावर. 'हिच्या चकल्या मऊ पडतात हे सांगायचं राहिलं. राहू दे, पंचाहत्तरीत कशाला.' बरोबर?"

मामींनी पदर तोंडाला लावला. "शब्द न शब्द, वन्सं," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि मग हॉलमध्ये जो हशा झाला तो माझ्या कुठल्याही नाटकाला कधी मिळाला नाही. नवरा माझ्या कानाशी येऊन विचारत होता, "हे कधी झालं? मला कसं ऐकू आलं नाही?"

"कुणालाच नाही आलं," मी म्हटलं. त्या भरल्या हॉलमध्ये ऐकू न येणारी एकच बाई होती, आणि मामांचं बोलणं फक्त तिलाच पोचलं होतं. मला इतका आनंद झाला की मी वाकून प्रेक्षकांना अभिवादन केलं. कुणी पाहिलं नाही, ते ठीक आहे.

जेवताना मामा रुमाल तोंडापुढे धरून बोलत होते. "रुमाल खाली कर," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात एक जिलबी जास्तीची वाढायला लावली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला टीव्ही लावायला सांगितला. "त्याचं लाव. शेवटचं."

"आवाज?"

"मला काय करायचाय आवाज."

मी लावलं. त्यांनी एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. या वेळी मीही निरखून पाहत होते. चकल्यांचं वाक्य संपल्यावरही, अंधार व्हायच्या जरा आधी, मामांचे ओठ आणखी हलत होते.

"आई, पुढेही काहीतरी म्हणालेत ना ते?"

"म्हणालाय."

"काय?"

"ते हॉलला सांगण्यासारखं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांच्याशी बोलणं संपतं. यावर कुणाचा काही इलाज नाही.

मी लगेच फोन घेऊन बाल्कनीत गेले, मागे काचेचं दार ओढून घेतलं आणि मामींना फोन लावला. मामी आधी आढेवेढे घेत होत्या, मग म्हणाल्या, "अगं, ते म्हणाले, 'दिवाळीत पहिला डबा मी तिचाच उघडतो. मऊ असल्या तरी त्याच चकल्या लागतात. आईच्याही मऊच पडायच्या.'"

मी काचेच्या दाराकडे वळले. मग "खरंच? आईच्याही मऊच पडायच्या?" एवढं बोलून फोन ठेवला, चेहरा सरळ केला आणि दार सरकवून आत आले.

सासूबाईंनी डोळे उघडलेले होते. "कळलं का मग मामींकडून?"

"कुठल्या मामी?"

"बाल्कनीची काच मी आज सकाळीच पुसलीय," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, नवऱ्याच्या दिशेने, त्याच खणखणीत आवाजात: "रविवारी त्या फाइलला हात लावलास तर बघ."